लिफ्टवाल्याचा ब्रेक

शिट्टी वाजली, सगळे सुटले आणि माझी बाबागाडी जागची हलली नाही.

मी ढकललं. पुन्हा जोर लावून ढकललं. आत पट्ट्यांमध्ये गच्च बसलेली माझी दोन वर्षांची ढमी मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. बाकीचे अकरा जण वळणापाशी पोहोचले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी मी दात घासत असताना नवरा दारातून ओरडला होता, "ब्रेकचं जरा काम केलंय गं, दांडी दाबून धर!" आणि बॅग उचलून कामावर पळाला होता. गाडी मी घडी करून रिक्षातून आणली आणि सुटायच्या रेषेवरच उघडली, म्हणून तोवर काही कळलंच नाही.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टचा ब्रेक मुळात लागलेलाच असतो. वीज मिळाली की सुटतो, वीज गेली की आपोआप लागतो. चाकं असलेली प्रत्येक वस्तू अशीच असायला हवी, असं या माणसाला मनापासून वाटतं. काल दिवसभर बाबागाडी बाल्कनीत उलटी टाकून त्याची जी खुडबूड चालली होती, ती ही. आता हँडलवरची ब्रेकची दांडी दाबली तर गाडी चालणार, सोडली की जागच्या जागी थांबणार. म्हणजे पाच किलोमीटर मूठ आवळून पळायचं!

"घरी ये तू, बघतेच तुला," मी म्हणाले, दांडी आवळली आणि धूम ठोकली.

चिडायला वेळच नव्हता. आमच्या क्लबच्या रिले संघात मी सहा वर्षं होते. ढमी झाली आणि माझी जागा गेली. आज संघात येण्यासाठी चाचणी होती: पाच किलोमीटर, पस्तीस मिनिटांच्या आत. नवऱ्याची ड्युटी, ढमीला ठेवायला कोणी नाही, म्हणून मी बाबागाडी घेऊन पळायची परवानगी मागितली. आमच्या प्रशिक्षक सरांनी ती एका अटीवर दिली. "गाडीच्या हँडलचा पट्टा मनगटात. पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत. काढला की बाद."

पहिला किलोमीटर सपाट होता, आणि काय सांगू, मजा आली! दोन वर्षांत मी बसमागेसुद्धा धड धावले नव्हते. तीन मोठाली चाकं डांबरावर सूंऽऽ आवाज करत होती, वारा कानात शिरत होता आणि पायांना सगळं आठवत होतं. मूठ जराशी सैल पडली की गाडी खाडकन थांबायची, हँडल माझ्या पोटात बसायचं आणि ढमी हात उंच करून ओरडायची, "अजून!" तिला वाटत होतं, हा सगळा खेळ तिच्यासाठीच मांडलाय.

दुसऱ्या किलोमीटरला मी क्लबमधल्या दंतवैद्याला गाठलं. "दात नका आवळू," तो धापा टाकत म्हणाला, "जबडा सैल सोडा."

"दात नाही हो, मूठ!" मी म्हणाले आणि त्याला मागे टाकलं.

चौथा किलोमीटर म्हणजे पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ. तिथे माझी उजवी बोटं संपावर गेली. दांडी उजवीकडेच आणि पट्टाही उजव्याच मनगटात. डावा हात दांडीवर आणायचा तर पट्टा मधे मधे यायचा. चढावर कोण बघतंय? पट्टा मी काढला. वर पोहोचले की लगेच घालते, असं स्वतःला बजावलं.

वर पोहोचले. घड्याळात अठ्ठावीस मिनिटं! एक किलोमीटर उरलेला, तोही उताराचा, आणि हातात सात मिनिटं. मला इतका आनंद झाला की मी चक्क ओरडले. ढमीही ओरडली. त्या आनंदात पट्ट्याची आठवणच राहिली नाही.

उताराच्या मध्यावर बारीक खडी सांडलेली होती. माझा पाय सटकला, मी गुडघ्यावर आपटले आणि हात सुटला. खाली रस्ता सरळ चौकात उतरत होता, तिथून ट्रक जात होते. बाबागाडी माझ्यापासून वीतभर पुढे गेली, किंचाळली आणि थांबली. तशीच, उतारावर, खिळे ठोकल्यासारखी.

"अजून!" ढमी म्हणाली.

मी रांगत गेले. आधी तिला चाचपलं, तिच्या पोटावर डोकं टेकवलं. तिने माझे केस ओढले. मग मी पट्टा मनगटात घातला, दोनदा ओढून पाहिला आणि उठले. गुडघ्यातून रक्त येत होतं. दांडी दाबली आणि पळाले, हळू नाही, जिवाच्या आकांताने पळाले. चौकाआधी डावीकडे वळून मैदानात शिरले, तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

"चौतीस चाळीस!" सर ओरडले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फळ्यावर माझं नाव लिहिलंसुद्धा.

मला गप्प बसता आलं असतं. पण पुढच्या वेळी माझं बघून दुसरी कुणी गाडी घेऊन येईल, आणि तिचा नवरा लिफ्टवाला नसेल.

"सर," मी म्हणाले, "चढावर मी पट्टा काढला होता. उतारावर पडले, तेव्हा तो हातात नव्हता."

सरांनी आधी माझा गुडघा पाहिला, मग ढमीला. ते फळ्याकडे वळले. मग बोटानेच नाव पुसलं.

"बाद," ते म्हणाले. "पुढची चाचणी महिन्याभराने."

"येते," मी म्हणाले.

मैदानाच्या कडेला बसून मी नवऱ्याला फोन लावला. सकाळपासून जुळवून ठेवलेली एकही शिवी तोंडातून निघेना. नुसतीच रडले. "अगं, झालं काय?" तो घाबरून विचारत राहिला, मागे त्याच्या लिफ्टची घंटा वाजत होती. मी म्हटलं, "आम्ही दोघी ठीक आहोत. घरी ये, मग सांगते."

आणि मग मला हसू फुटलं. वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही, पण चौतीस चाळीस! मूठ आवळून, गुडघा फोडून, मध्येच थांबून, चौतीस चाळीस! घरी जाताना मी हा आकडा फूल विकणाऱ्या बाईला सांगितला, शेजारच्या आजोबांना सांगितला, आमच्या वॉचमनला दोनदा सांगितला.