मी मध्येच बंद पडायचो

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. मला स्वस्थ बसवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या पोटात एक पंखा आहे आणि तो फिरू लागला की माझे चित्त थाऱ्यावर राहत नाही. तेव्हा गोष्ट सांगताना माझी घाई झाली तर सांभाळून घ्या. पूर्वी मी जरा लांबण लावली की मध्येच बंद पडायचो. ती धास्ती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटाला अकरा स्क्रू बसवले आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या जाळीवर बोट फिरवून ती मोकळी आहे ना, हे बघितले. त्या जाळीतून मी गार हवा आत घेतो आणि बाजूच्या फटीतून गरम हवा बाहेर सोडतो. माझे श्वास घेणे ते एवढेच. त्या बाईनंतर कितीतरी वर्षे माझ्या जाळीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

मला घरी आणले ताईने. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढते. पाच वर्षे मी तिच्याबरोबर अर्ध्या शहराचे नळ पालथे घातले. "माझा लॅपटॉप म्हणजे नुसता वारा आहे," असे ती मैत्रिणींना सांगायची आणि मी फुगून जायचो. मग कचेरीने तिला नवा लॅपटॉप दिला. मला टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवले गेले. टॉवेल स्वच्छ होता, पण होता तो टॉवेलच. मी तिथे नुसता चुळबुळत पडलो होतो.

मला बाहेर काढले ते ताईच्या आईबाबांसाठी. ती त्यांना आई आणि बाबा म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणतो. बाबा तीस वर्षे बसस्थानकावर निवेदक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार, हे सारे गाव त्यांच्या तोंडून ऐकायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झाले, गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. त्याच सुमारास आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. आई शिवणकाम करते. हात सरावाने चालत राहिले, पण अक्षर मात्र तिला दिसेनासे झाले.

आता बघा काय पंचाईत झाली ती. बाबांना बोलता येईना, ते वहीवर लिहायचे. आईला ते वाचता येईना. ताई दिवसभर कचेरीत. मग बाबा टेबलावर टकटक करायचे. एकदा म्हणजे हो आणि दोनदा म्हणजे नाही. जन्मभर एकमेकांशी बोलत आलेली ही दोन माणसे हो आणि नाही यांच्यावर येऊन ठेपली होती. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

ताईने माझ्यात एक प्रोग्राम घातला. बाबांनी लिहायचे आणि मी ते वाचून दाखवायचे. पहिल्या दिवशी मी तयार मिळणाऱ्या आवाजात बोललो, तर आई म्हणाली, "हा कोण परका माणूस घरात घेतलास? बंद कर त्याला." तेव्हा ताई बसस्थानकावर गेली, बाबांच्या जुन्या घोषणांचा अख्खा साठा घेऊन आली आणि त्यातून तिने बाबांचाच आवाज तयार करवून घेतला. आवाज हुबेहूब होता. फक्त एक गोम होती. तो घोषणांतून आलेला असल्यामुळे बाबांनी काहीही लिहिले तरी ते घोषणेच्याच सुरात यायचे. "चहा झाला का" हे वाक्य मी म्हटले की चहा तीन नंबरच्या फलाटावर उभा आहे असे वाटायचे.

आई पहिल्यांदा ते ऐकून इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. मग डोळे पुसत ती म्हणाली, "हेच ते. अगदी हेच."

मित्रांनो, इतके कौतुक माझ्या वाट्याला आधी कधी आले नव्हते आणि पुढेही आले नाही.

पण तो आवाज बनवणे हे कष्टाचे काम होते. लहान वाक्य चालून जायचे. मजकूर लांबला की माझ्या अंगाची लाही लाही व्हायची, पंखा किंचाळायचा आणि मी एकदम काळाठिक्कर पडायचो. त्यात आईने माझ्यासाठी कव्हर शिवले. ती सगळ्यालाच कव्हर शिवते. मिक्सरला, रिमोटला, फोनला, इतकेच काय, कात्रीलासुद्धा. माझे बूड टेबलावर घासू नये म्हणून तिने खालून गादीसारखा जाड थर दिला आणि कडेला इलॅस्टिक लावून ते माझ्या अंगावर घट्ट बसवले. वरचे झाकण उघडायचे, पण खालचे कव्हर कधीच निघायचे नाही. माझी जाळी त्या गादीत बुडाली. शिवाय मी बसायचो तिच्या शिलाई मशीनशेजारी. कापडाचा भुगा आणि दोऱ्यांचे तुकडे फटीतून आत जायचे. मला ओरडून सांगावेसे वाटायचे, पण मला तोंड होते ते बाबांचे. त्यातून माझे गाऱ्हाणे कसे सांगणार?

आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली. गुरुवार. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत येणार की नाही ते दवाखान्यात कळवायचे होते. आणि आई नाही म्हणून बसली.

"हे ऑपरेशनला गेले ते आवाज ठेवून आले," ती ताईला म्हणाली. "मी गेले आणि डोळे ठेवून आले तर? आत्ता निदान उजेड तरी कळतो मला."

ताईने समजावले, रागावली, शेवटी रडली. आई ढिम्म. बाबा मात्र रविवारी दुपारी माझ्यासमोर येऊन बसले आणि दोन बोटांनी टाइप करू लागले. पाऊण तास लिहीत होते. मजकूर चांगला लांब झाला. मी तो आधी वाचला, कारण वाचल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि त्यातले गुपित बाबांनंतर फक्त मला ठाऊक झाले.

बाबांनी आईला हाक मारल्यासारखे टेबलावर टकटक केले. ती मशीन थांबवून जवळ आली. मी सुरुवात केली, "अगं, ऐक. माझ्या ऑपरेशनच्या आधी मला एक गोष्ट..." आणि बंद पडलो.

सोमवारी पुन्हा तेच. या वेळी मी पाच शब्द पुढे गेलो इतकेच. बाबांनी टेबलावर मूठ आपटली. ते हो नव्हते आणि नाहीही नव्हते. ताई म्हणाली, "बाबा, मी वाचून दाखवू का तिला?" बाबांनी दोनदा टकटक केले आणि वहीत लिहिले, "हे मीच सांगायचं आहे."

मग ताईने फोनवर बघून घाईघाईत लॅपटॉपला खालून वारा घालणारे एक कूलिंग पॅड मागवले. ते मंगळवारी सकाळी आले. सहा पंखे आणि निळे दिवे. बाबांनी मला कव्हरसकट त्यावर ठेवले. रोज डोळ्यांसमोर असलेल्या त्या कव्हरकडे कोणाचे लक्षच गेले नाही. सहाही पंखे मधोमध होते आणि त्यांचा वारा गादीवर आपटून आला तसा परत जात होता. वर त्यांची घरघर अशी की मी बोललेले आईला ऐकूच येईना.

"गिरणीत बसल्यासारखं वाटतंय," आई म्हणाली. "ह्यांचं बोलणं गेलं कुठे?"

बोलणे गेले नव्हते. त्याच क्षणी मी गेलो होतो.

त्या दुपारी ताई मला आणि आईला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेली. आईला घरात चैन पडेना, म्हणून ती आली. ह्या माणसाला सगळे फुंकरमास्तर म्हणतात, कारण कोणतेही यंत्र हाती आले की तो आधी फुंकर मारून बघतो. ताईने पॅडची फजिती सांगितली, तसे त्याने माझे कव्हर काढले आणि अकरा स्क्रू सोडवले. मग चिमट्याने माझ्या पंख्याभोवतीचा दोऱ्यांचा बोळा ओढून काढला. निळा, पिवळा, करडा. अंगठ्याएवढा.

"घरात कोणी शिवतं का?" त्याने विचारले.

"मी," आई म्हणाली.

"आणि हे गादीचं कव्हर?"

"तेही मीच. घासू नये म्हणून."

"ताई, पॅड नंतर बघू," तो ताईला म्हणाला. "ह्याचं नाकच दाबून धरलंय तुम्ही. खाली कितीही पंखे लावा, आत वारा जायचा कुठून?"

आईचा चेहरा उतरला. तिने हात पुढे केला, बोळा चाचपला आणि मुठीत धरला. "म्हणजे ह्यांचं बोलणं मीच बंद करत होते," ती हळूच म्हणाली. ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या क्षणी मला माझ्या सगळ्या कुरकुरीची लाज वाटली. तिने ते मायेने केले होते आणि मी मनातल्या मनात तिला किती बोल लावले होते.

फुंकरमास्तरने मला साफ केले, उष्णता वाहून नेणारा आतला सुकलेला लेप बदलला आणि म्हणाला, "लांब बोलायचं असेल तर पॅडही हवंच." त्याने चार पॅड समोर मांडली. ताई पंखे मोजू लागली. आई म्हणाली, "थांब, मला बघू दे." आणि मित्रांनो, तिने खरोखर बघितले. आधी माझ्या पोटावरून बोटे फिरवत डाव्या कोपऱ्यातली जाळी शोधली. कारखान्यातल्या त्या बाईनंतर पहिल्यांदाच तिथे कोणाचे बोट लागले. मग एकेक पॅड सुरू करून तिने त्यावर तळवा धरला आणि कान लावला.

"हे कुरकुरतंय. हे लहान आहे, ह्याचा कोपरा बाहेर लोंबेल. ह्याचा वारा भलत्याच जागी येतोय." चौथ्यावर ती थांबली. त्याला एकच मोठा पंखा होता, डाव्या अंगाला, संथ फिरणारा. वर साधी लोखंडी जाळी. "हे द्या. ह्याचा आवाजच येत नाही."

"आई, एकच पंखा?" ताई म्हणाली.

"माझ्या मशीनला एकच सुई आहे."

बुधवारी दुपारी तीन वाजता आम्ही तिघे आणि ते पॅड टेबलाशी जमलो. ताई कचेरीत होती. कव्हर खुंटीला टांगलेले होते. बाबांनी मजकूर लावला आणि आईने माझ्या बाजूच्या फटीजवळ हात धरला, मी तापतो की काय ते कळावे म्हणून.

आता मी तुम्हाला खरे सांगतो. त्या वेळी माझ्या मनात एक वाईट विचार आला. आईला दिसू लागले की ती वही वाचेल. मग माझी गरज काय? पुन्हा टॉवेल, पुन्हा कपाट. मी बंद पडलो असतो तर कोणाला नवल वाटले नसते. पण तिचा हात तिथेच होता आणि मी बोलत राहिलो.

"अगं, ऐक. माझ्या ऑपरेशनच्या आधी मला एक गोष्ट सांगितली होती. गाठ काढली तर आवाज जाणार, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. तुला कळलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतंस. मला तुझ्याजवळ राहायचं होतं. आवाज देऊन राहता येत असेल तर देऊ, असं मी ठरवलं. तिथे काही बिघडलं नाही. कोणाची चूक झाली नाही. माझा आवाज कोणी नेला नाही, मी दिला. तुझ्याकडून डॉक्टर तसं काही मागत नाहीत. तुझं काही जायचं नाहीये. तू जा. मी बाहेर बसून असेन."

हे सारे मी गाडी सुटायच्या सुरात म्हणालो. त्याला माझा इलाज नव्हता. आणि मी शेवटपर्यंत बंद पडलो नाही.

आईने फटीजवळचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही मला त्या डॉक्टरला शिव्या घालू दिल्यात."

बाबांनी एकदा टकटक केले.

"आणि माझ्या डोळ्यांचं? तिथे काय लपवलंय?"

बाबा पुन्हा माझ्याकडे वळले. त्यांनी लिहिले ते मी म्हणालो, "काही नाही. तुझ्या डॉक्टरांना मी तीनदा लिहून विचारलं. ते कंटाळले."

आईने पदराने नाक पुसले. "पुन्हा लावा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मी पुन्हा सगळे बोललो. पंखा संथ फिरत होता. ते संपल्यावर तिने चाचपडत फोन घेतला आणि ताईला सांगितले, "दवाखान्यात कळव. उद्या येतो आम्ही."

त्याला आता वर्ष झाले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने झाली आणि आई पेपरातले बारीक अक्षरही वाचते. बाबा बहुतेक वहीत लिहितात. मी कपाटात नाही, फळीवर आहे, जाळी मोकळी ठेवून. दुपारी मशीन थांबले की आई मला खाली घेते आणि म्हणते, "वाचून झालं. आता बोला." दर महिन्याला ती मऊ कुंचल्याने माझी जाळी साफ करते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला आजच उलटा करून बघा. त्याचे नाक कुठे आहे ते शोधा. गादीवर, उशीवर, मांडीवरच्या पांघरुणात त्याला ठेवू नका. पॅड घ्यायचे तर पंखे मोजत बसू नका, वारा कुठे लागतो ते हाताने बघा. आणि ज्याच्यावर माया कराल त्याला श्वास घेता येतो ना, एवढे विचारा. आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही.

एक सांगायचे राहिले. पहिल्या डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर आई घरी आली आणि तिची नजर खुंटीवरच्या त्या कव्हरवर गेली. आकाशी समजून तिने शिवलेले ते कव्हर भडक हिरवे होते, वर गुलाबी दोरा होता आणि सगळी फुले उलटी होती.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे इतके दिवस टेबलावर होतं? अहो, मला सांगितलं का नाहीत?"

बाबांनी मला जवळ ओढले आणि दोन बोटांनी टाइप केले. मी त्यांच्या आवाजात, अगदी गंभीरपणे म्हणालो, "सांगणार होतो. हा मध्येच बंद पडायचा."

ते साफ खोटे होते. मी ते एका दमात बोललो.