मांदेलीचं पथ्य

आम्ही राई गावचे कोळी, आणि माझा बा जोमा सात वर्षं मासळीला शिवला नव्हता. लोकांनी हसायचं तेवढं हसून घेतलं. त्याच्या पिवळट मांजरीला मांदेली हे माशाचं नावही गावानंच ठेवलं, त्याला डिवचायला. तो चिडला नाही. त्याच नावानं तिला हाक मारू लागला.

तरुणपणी तो मुंबईत म्हशींच्या तबेल्यात कामाला होता. तिथं रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे उभं करत. म्हैस ते चाटायची आणि पान्हा सोडायची. एकदा पेंढा भरायचं काम बाच्या वाट्याला आलं. त्या दिवशी त्यानं दूध सोडलं आणि गाव गाठलं. पुढे बऱ्याच वर्षांनी, म्हशीचं कळतं तर माशाचं का नाही, असं त्यानं स्वतःलाच विचारलं आणि हातानं फेकायचं जाळं खुंटीला टांगलं. असला हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आय मासळी विकायची, आम्ही खायचो. तो कुणाला अडवत नसे. फक्त स्वतःच्या हातानं कुणाला घालत नसे. मांदेलीला तो वरणभात द्यायचा. ती नाक लावून निघून जायची आणि बंदरावरून पोट भरून यायची. तिथं काय खाल्लं हे त्यानं तिला कधी विचारलं नाही.

अडतीस सालच्या आषाढात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, ताजी मासळी बंद. मांदेली म्हातारी झाली होती आणि तिचं पोट पार बिघडलं होतं. निम्मं खाल्लेलं ओकायची, उरलेलं पातळ होऊन जायचं. बा तिच्या खालचं गोणपाट दिवसातून तीनदा धुवायचा. नाचणीची आंबील, मुगाचं पाणी, भाताची पेज, सगळं करून झालं. पाठीचा कणा हाताला लागायला लागला.

मला बाचा राग आला. पोटुशी बाई मी, घरात माझ्यासाठी दूध यायचं. रोज दुपारी बा लवंडला की मी त्यातलं वाटीभर तिला पाजायचे. ती चाटूनपुसून प्यायची. मला वाटायचं, मीच हिला जगवतेय.

आठवड्यानं तिला उठता येईना. बा तिच्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "माज्या हट्टापायी मरतेय ही."

मला राहवलं नाही. मी दुधाचं सांगून टाकलं. वाटलं, आता हा आकांडतांडव करणार. त्यानं नुसतं विचारलं, "दूध प्याल्यावर किती येलानं जाते ती?"

"घटकाभरानं."

"तबेल्यातला गवली मांजरांना दूध न्हाय द्यायचा. त्यांना ढाळ व्हायचे." मग तो आयकडे वळला. "तू काय देतेस?"

आय चुलीकडे तोंड करून म्हणाली, "थोडी सुकट. उपाशी जीव बगवत न्हाय मना."

खारवलेली सुकट, वरून दूध, वरून बाची आंबील. तिघांनी तीन बाजूंनी माया केली आणि मांजरीच्या आतड्यांची वाट लावली. मला इतकी लाज वाटली की रडूच आलं.

बा उठला आणि खुंटीवरचं जाळं काढलं. सात वर्षांची धूळ उडाली.

आय पुढे झाली. "मी जाते खाडीवर. तू कशाला नेम मोडतोस?"

"तू मारलंस म्हंजे माजे हात सोच्छ ऱ्हातात काय?" तो म्हणाला. "सात वरसं मी त्येच केलं. ही बंदरावर खायची नि मी डोले मिटून बसायचो. हिला म्हावऱ्याबिगर जगता येत न्हाय, तं तिच्या वाटचं मीच मारीन. मना मातूर त्याची गरज न्हाय."

भरती लागली होती. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यानं जाळं फेकलं. हात विसरले नव्हते. हाती लागलेल्या बोय मासळ्यांपैकी एक ठेवली, बाकीच्या सोडून दिल्या. घरी येऊन ती तळव्यावर धरली, तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि एका घावात मारली. बिनमिठाची उकडली, काटे बोटांनी चाचपून काढले आणि चिमूट चिमूट भरवली. मांदेलीनं खाल्लं. आम्ही तिघं गोणपाटाकडे टक लावून बसलो. संध्याकाळपर्यंत ते कोरडं राहिलं.

गावात बोभाटा झाला, जोमाचा नेम मोडला म्हणून. तो कुणाला समजावत बसला नाही. स्वतः भात आणि शेवग्याचा पाला खाऊन रोज खाडीवर जायचा. एक बोय आणायचा, तिच्याकडे बघायचा, मग मारायचा. मांदेली पुढे दोन वर्षं जगली, आणि त्या दोन वर्षांत नजर वळवून त्यानं एकही मासा मारला नाही. ती गेली त्या दिवशी जाळं परत खुंटीला गेलं.

मी आज मासळी खाते आणि विकतेही. बाचं सगळं काही मला जमलं नाही. पण जिवंत मासा हाती आला की कोयती लावायच्या आधी मी थांबते आणि त्याच्याकडे एकदा नीट बघते. गिऱ्हाइकं कुरकुरतात, उशीर होतो म्हणून. होऊ दे.