दोन दातांमधला ‘स’

माझ्या दातांच्या दवाखान्यामागे एक लहानशी खोली आहे. तिथे एक ताई कवळ्या घडवतात. पेशंटचं तोंड त्या कधी पाहत नाहीत. त्यांच्याकडे जातो तो जबड्याचा ठसा, आणि चार दिवसांनी परत येतात ते दात. एकवीस वर्षं त्या माझ्याकडे आहेत, आणि एकवीस वर्षं मी त्यांची थट्टा करत आले, कारण त्या एका गायकावर जीव ओवाळून टाकायच्या.

गायक म्हणजे एके काळचा ‘झुलपेवाला’; रेकॉर्डवरही हेच नाव, खरं नाव कुणी घ्यायचंच नाही. तो सतरा-अठरा वर्षांचा असताना त्याच्या नुसत्या केसांसाठी पोरी वेड्या व्हायच्या. माझ्या थोरल्या बहिणीच्या कपाटाच्या दारावर त्याचा फोटो होताच. पुढे पोरींची लग्नं झाली. जाणकार म्हणवणाऱ्यांनी तर आधीच नाक मुरडलं होतं: चेहरा बरा, गळा बेताचा. तरी तो गात राहिला. नंतर सहा रेकॉर्डी काढल्या, त्या कुणी घेतल्या नाहीत. ताईंनी घेतल्या. मेण वितळवताना त्या त्याच लावायच्या. पुरे झालं की आता त्या पोराचं, असं मी म्हणायचे. त्या रागवायच्या नाहीत. लोकांनी त्याला बघितलं आणि ऐकायचं राहून गेलं, एवढंच म्हणायच्या.

गेल्या वर्षी एक गृहस्थ आले. साठी उलटलेले, टक्कल पडलेलं, वरचे सगळे दात गेलेले. कामधंदा विचारला तर म्हणाले, मुलांना गाणं शिकवतो. नाव ओळखीचं वाटलं नाही. मी ठसा घेतला, ताईंनी मेणात दात बसवून नमुना दिला. दात मोत्यासारखे सरळ. पण गृहस्थ आरशात बघेनातच. बोलायला चालतील, म्हणाले, पण गाताना ‘स’ शिटी मारतो. दोनदा दुरुस्त केला, दोनदा तेच. तिसऱ्यांदा मी हात टेकले आणि ताईंनाच बाहेर बोलावलं.

त्या दारात आल्या तेव्हा खुर्चीची पाठ त्यांच्याकडे होती. ते मला समजावून सांगत होते, नेमकं काय बिघडतंय ते. ताई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी दाराची चौकट धरली. मला वाटलं, यांना चक्कर येतेय.

पुढे न येताच त्या म्हणाल्या, "तुमच्या समोरच्या दोन दातांत फट होती."

गृहस्थ खुर्चीत ताठ झाले. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ऐकू येते. तुमच्या ‘स’मध्ये वारा जरासा सैल सुटतो. पहिल्या रेकॉर्डपासून."

मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झुलपेवाल्याला फट? कपाटाच्या दारावरचं ते हसू मला अजून आठवत होतं, एकसंध, पांढरंशुभ्र. गृहस्थ हळू आवाजात म्हणाले की कंपनीवाले प्रत्येक फोटोत फट रंगवून बुजवायचे. कार्यक्रमाआधी दातांत मेण भरायचे. रेकॉर्डिंगच्या वेळी तेवढं मेण काढून टाकायचे. कंपनीवाले आणि आई सोडून हे कुणाला ठाऊक नव्हतं.

ताईंनी नमुना घेतला आणि स्पिरिटच्या दिव्यापाशी जाऊन बसल्या. दोन दात त्यांनी केसभर बाजूला सारले, मागचं मेण खरवडलं, निववलं, आणून दिलं.

ते गायले. आवाज मोठा नव्हता. सूर कधी लागला ते कळलं नाही. आधी नव्हता, मग होता, आणि खोली त्याच्याभोवती उभी होती. तो त्यांनी कुठेही न टेकवता धरून ठेवला, वाकवला, आणि झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा ठेवला. मध्ये कुठेतरी ‘स’ आला, एका श्वासाइतका ओलसर. भिंतीपलीकडून हजारदा कानावर पडलेलं गाणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाहेर बाकावरची कुजबुजही थांबली होती.

ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत, सही मागितली नाही.

गृहस्थांनीच मग चाचरत विचारलं, "चौथी रेकॉर्ड... कशी वाटली?"

"तिसरं गाणं घाईत म्हटलंत," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या कडव्यात श्वास पुरला नाही."

मी जीभ चावली.

"स्टुडिओची वेळ संपली होती," ते म्हणाले. "पुन्हा म्हणू दिलं नाही. इतकी वर्षं वाटायचं, कुणीतरी सांगेल मला हे." मग खुर्ची पूर्ण वळवून म्हणाले, "आणि पाचवी?"

ताईंनी माझं स्टूल ओढून घेतलं आणि बसल्या. बाहेर तीन पेशंट ताटकळले होते. मी जाऊन त्यांना सांगितलं की आज वेळ लागेल.