दारचा ओटा

रामहरी कंडक्टर निवांत बसलाय, असं गेवराईच्या त्या गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. सारी नोकरी एसटीत उभ्यानं गेली, ती सवय रिटायर झाला तरी जाईना. चहाची कपबशी हातात आली की तेवढ्यापुरता दारच्या ओट्यावर टेकायचा, कप रिकामा झाला की उभा. बायको वनमाला म्हणायची, "बसा की वो जरा! घरात वावटळ पाळल्यावानी वाटतंय."

त्या दिवशी तर विचारूच नका. नगरपरिषदेच्या इंजिनिअर मॅडम घर बघायला येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं की वरच्या खोलीचं काम सुरू, आणि वरची खोली झाली की पोरगा लखन आणि सून घरात राहणार. न्हाईतर न्हाई. दोनच तर खोल्या. एका खोलीत चूल आणि पडद्याआड लखनचा संसार, पुढच्या खोलीत म्हातारा-म्हातारी. त्यात सून संस्कृतीला दिवस गेलेले. लखननं सरळ सांगून टाकलं होतं, "अण्णा, खोली झाली तर राहू. न्हाईतर बीडला भाड्यानं बघतो." पोरगा वाईट नव्हता हो. खरं तेच बोलत होता, म्हणून तर रामहरीच्या जिवाला घोर लागला होता.

मॅडमनी ऑफिसात नीट समजावलं होतं. "काका, आजच्या नियमानं घरापुढं पाच फूट मोकळी जागा लागते. तुमच्याकडं तेवढी नाही. पण घर नियमाच्या आधीचं आहे, उभं आहे तोवर कुणी हलवणार नाही. वरची खोली मागं सरकवून, खांबांवर घ्या, मी परवानगी देते. फक्त पुढच्या जुन्या भिंतीला हात लावू नका. ती पडली तर नवी भिंत गल्लीपासून पाच फूट आतच घ्यावी लागेल."

एवढं सोपं होतं सगळं. गप बसायचं, बास! पण गप बसेल तो रामहरी कसला?

सकाळपासून कोपऱ्यावर जाऊन गाडी आली का बघायचं, परत यायचं, चौकट फडक्यानं पुसायची, पुन्हा कोपऱ्यावर. तेवढ्यात शेजारचा बंकट दात घासत बाहेर आला. ओट्याकडं बोट करून म्हणाला, "रामहरी, ह्यो नडणार बघ तुला. गल्लीत आलाय. मॅडमनं टेप लावला की गेलं काम."

"कावून? माझ्या बापानं बांधलाय त्यो."

"बापानं बांधला म्हणून गल्ली तुमची झाली का बे?"

बोलून बंकट चूळ भरायला आत गेला. रामहरीच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. भिंतीला हात लावू नका म्हणाल्या, ओट्याला थोडंच म्हणाल्या? मॅडम यायच्या आत काढला तर बोलायला जागाच न्हाई! त्यानं पहार आणली.

"आवो, काय चाललंय?" वनमाला ओरडली. "आधी इचारा तरी त्यास्नी!"

"तू थांब गं. लई शानी."

पहिला दगड निघाला, दुसरा निघाला. गडी घामाघूम झाला, पण खुशीत होता. हाताला काम होतं ना! शेवटचा मोठा दगड भिंतीच्या बुडाशी चिकटून बसला होता. रामहरीनं पहार घालून जोर लावला. दगड सुटला आणि वरून भुरूभुरू माती गळायला लागली. "मामा, मागं व्हा!" संस्कृतीनं किंकाळी फोडली. तो मागं उडाला म्हणून वाचला. मातीत रचलेली ती जुनी भिंत पोटातून फुगली आणि धाडकन ओट्याच्या जागी येऊन पडली. वरचे पत्रे लोंबायला लागले. धुरळा खाली बसला तेव्हा रस्त्यावरून थेट देव्हारा दिसत होता.

मॅडम आल्या त्या हे बघून जागीच थबकल्या. "काका, हे काय केलंत?"

"ओटा गल्लीत व्हता ना, मॅडम. म्हणून काढला."

त्यांनी टेप लावला, नकाशा पाहिला आणि मान हलवली. "गल्लीत कुठं? ओटा तुमच्याच जागेत होता. त्याच्याच आधारानं भिंत उभी होती. मी फक्त फोटो काढून परवानगी देणार होते." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आता पुढची खोली गल्लीपासून पाच फूट आत घ्यावी लागेल. माझ्या हातात काही राहिलं नाही."

पाच फूट आत! पुढच्या खोलीचं बोळकांडं होणार होतं. दोन खोल्यांत मावत नव्हता तो संसार आता दीड खोलीत कसा मावायचा? वरच्या खोलीसाठी साठवलेला पैसाही आता ही पुढची खोली उभी करण्यातच जाणार होता. सगळ्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. वनमाला देव्हाऱ्यावरचा धुरळा पदरानं पुसत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर रामहरीला बरं वाटलं असतं.

मॅडम गेल्यावर लखननं पायात चपला घातल्या. "अण्णा, मी बीडला जाऊन येतो. खोली बघतो."

रामहरीनं पहार उचलून आत ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुठंतरी बूड टेकावंसं वाटत होतं.

संस्कृती चहा घेऊन बाहेर आली. डोळे रडून लाल झालेले, पण सासऱ्याच्या हातात कपबशी नीट दिली. "मामा, बसून घ्या आधी."

रामहरी सवयीनं दाराकडं वळला. समोर ओट्याच्या जागी दगडमातीचा ढीग होता.

"कुठं बसू, बाई?" तो म्हणाला.