झिपरीसारखी बाहुली

लोकर पुन्हा सरळ झाली तेव्हा बाहुलीवालीने विणकामाची सुई टेबलावर आपटली. सकाळपासून नुसती नासाडी चालली होती. आधीची लोकर नकली निघाली. वळणं बसावीत म्हणून सुईला गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवली तर वितळून सुईलाच चिकटली आणि घरभर जळका वास सुटला. ही अस्सल होती, पण धीर कुणाला? गरम असतानाच हिने ती उलगडली.

इतकी वर्षं कापडाच्या बाहुल्या करून हात बसलेला. नाक-डोळे ही बाई झोपेतही काढेल. केस मात्र एकजात सगळ्यांना सरळ, कारण ते शिवायला सोपे आणि गिऱ्हाईकही कुरकुर करत नाही. आणि पोटची पोर जन्माला आली ती डोक्यावर कुरळ्या केसांचं रान घेऊन. घरातले सगळे तिला लाडाने झिपरी म्हणत. त्यातला लाड पोरीपर्यंत कितपत पोचत होता, कोण जाणे.

या आठवड्यात झिपरीने जाहीर केलं, की केस पार बारीक कापून टाकायचे. असे केस मिळायला नशीब लागतं, अशी आईने समजूत घातली. पोरीने बाहुल्यांच्या फळीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, मग यातल्या एकीलाही का नाहीत? बाजूला बसलेला नवरा खुदकन हसला, त्याचा आईला राग आला. शेवटी तिने शब्द दिला, शनिवारपर्यंत कुरळ्या केसांची बाहुली करून दाखवते, मग काय ते तू ठरव. आज शनिवार होता, आणि संध्याकाळी पोर बापाबरोबर केस कापायला निघणार होती.

आता मात्र तिने घाई केली नाही. लोकर भिजवून सुयांवर घट्ट गुंडाळली, मंद आचेवर वाळवली आणि पूर्ण गार होईपर्यंत हात काखेत दाबून बसली. सुई अलगद ओढली, तर वळणं जशीच्या तशी. एकेक बट डोक्यावर शिवत गेली तशी बाहुली हुबेहूब झिपरी दिसायला लागली. बाईचा जीव भांड्यात पडला.

आणि मग तिच्याच हाताने घात केला. बाहुली पुरी झाली की केसांवरून ब्रश फिरवायचा आणि मगच ती फळीवर ठेवायची, ही जुनी सवय. हात आपसूक ब्रशकडे गेला. काय करतोय हे कळेपर्यंत बटा पिंजल्या जाऊन त्यांचा कापूस झाला होता. स्वतःच्याच मुस्कटात मारून घ्यावी असं तिला वाटलं.

नेमकी तेव्हाच झिपरी बाहेर जायच्या तयारीने दारात येऊन उभी राहिली. तिने बाहुलीकडे पाहिलं, मग आईच्या हातातल्या ब्रशकडे.

"तुलापण सरळच हवेत ना," ती म्हणाली. रडली असती तर परवडलं असतं, पण ती रडली नाही.

सवय, घाई, कमअस्सल लोकर, अशा नाही नाही त्या सबबी बाहुलीवालीच्या ओठांवर आल्या. तिने त्या गिळल्या.

"नाही गं. मला हे केस जमतच नाहीत. हिचेही नाही, तुझेही नाही. रोज सकाळी कंगव्याने तुला ओरबाडते, ते तुझे केस वाईट म्हणून नाही. मला येत नाही म्हणून."

खालून बाप हाका मारत होता, उशीर होतोय म्हणून. झिपरीने बाहुली उचलली आणि तिच्या पिंजारलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"मग मला विचारायचं ना," ती म्हणाली. "ओले असताना बोटांनी सोडवायचे असतात. आंघोळीत मी तसंच करते, तेव्हा नाही दुखत."

आईने हात पुढे करून बाहुलीची एक बट बोटांनी सोडवून पाहिली.

"तो ब्रश ठेव आधी," झिपरी खुर्चीवर चढून बसत म्हणाली. "आणि वाटीत पाणी आण. बाबांना सांग, आज नको."

बाहुलीवालीने ब्रश ठेवला आणि ती वाटी आणायला उठली.