शनिवारची बस

कॅझिमिर व्होइटासनं आयुष्यात कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यानं बेकरीत पाव भाजले, आणि पावाशी काही बोलावं लागत नाही. पण वेल्डन फॉल्सच्या नगर परिषदेनं शनिवारची बस बंद करायचा ठराव आणला, तेव्हा त्याला गप्प बसवेना. त्याची बायको इरेना मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी गावच्या बसनं डायलिसिसला जायची. डोळे अधू झाल्यापासून कॅझिमिरनं गाडी सोडली होती, आणि एकुलती एक लेक देशाच्या दुसऱ्या टोकाला.

सभेत नागरिकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं मिळत. आठवडाभर खपून त्यानं दोन पानं लिहिली. सोमवारी संध्याकाळी कोट चढवून सभागृहात गेला, दाराशी चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि मागच्या रांगेत बसला.

नाव पुकारलं गेलं. माइकपाशी जाऊन त्यानं नाव-पत्ता सांगितला. वेळ सुरू झाल्याचा हिरवा दिवा लागला आणि सात सदस्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. झालं! जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. कागदावरची अक्षरं पळायला लागली.

"घाई नाही, सावकाश," अध्यक्ष फेनिमोर म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

कॅझिमिरनं दोनदा घसा खाकरला. दिवा पिवळा झाला, मग लाल. घंटी वाजली. "माफ करा," एवढंच तो म्हणाला आणि मान खाली घालून जागेवर येऊन बसला. इरेनाला आता काय तोंड दाखवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पुढचं नाव आर्डिथ ब्लूमक्विस्ट. त्याबरोबर दोन सदस्यांनी खुर्चीत अंग सैल सोडलं, एकानं घड्याळ पाहिलं. आर्डिथबाईंच्या तळघरात दर वसंतात गटाराचं पाणी शिरायचं, आणि सहा वर्षं त्या एकही सभा न चुकवता तेच सांगत आल्या होत्या. काखोटीला जाडजूड फाइल होतीच. पण माइककडे जाता जाता त्या कॅझिमिरच्या खुर्चीपाशी थांबल्या.

"आणा तो कागद इकडे."

"अहो, पण—"

"आणा म्हणते ना!"

"बाई, तुमची वेळ दुसऱ्याला देता येत नाही," फेनिमोर म्हणाले. "नियम आहे."

"नियम मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मी कुठे कुणाला देतेय? माझ्या तीन मिनिटांत मी काय वाचायचं ते मी ठरवीन."

फेनिमोरनी हात वर केले. सभागृहात हसू पिकलं. आर्डिथबाईंनी चष्मा लावला.

कागदावर पहिल्याच ओळीत आभार होते. गावानं दोन वर्षं ही बस चालवली म्हणून आभार. चालक ओडेल रेल्वे फाटकावरून गाडी अगदी हळू काढतो, कारण परतताना इरेना दमून झोपलेली असते आणि धक्क्यानं तिची झोप मोडू नये, म्हणून त्याचे आभार. बाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. सभेत त्या शेकडो तक्रारी करून बसल्या होत्या; आभाराचं पान त्यांच्याही हाती पहिल्यांदाच आलं होतं.

"शनिवारी आम्ही सात जण असतो... शनिवार चुकला तर गुरुवार ते मंगळवार पाच दिवस—" त्या अडल्या. "हे काय लिहिलंय हो? कोंबडीचे पाय नुसते!"

"अंगात पाणी साठतं," कॅझिमिर बसल्या जागेवरून म्हणाला.

"मोठ्यानं!"

तो उभा राहिला. "अंगात पाणी साठतं. पायांना सूज येते. मग तिला श्वास घेता येत नाही." आणि पुढचं कागदाशिवायच आलं. "पाचव्या दिवशी ती आडवी होऊ शकत नाही. खुर्चीत बसून राहते. मी शेजारी बसतो. दुसरं काही मला करता येत नाही."

घंटी वाजायला हवी होती. घड्याळापाशी बसलेल्या कारकून बाईंचा हात बटणावर तसाच राहिला.

मतदान झालं. शनिवारची बस पाच विरुद्ध दोन मतांनी कायम राहिली.

बाहेर पायऱ्यांवर कॅझिमिरनं आर्डिथबाईंना गाठलं. "तुमचे उपकार कसे—"

"पुरे! पुन्हा घशात अडकेल तुमच्या," त्या म्हणाल्या. "चला, घरी सोडते. आणि अक्षर सुधारा जरा."

इरेना जागीच होती. त्यानं कोट न काढताच सगळं सांगितलं. ती हसली, मग डोळे पुसले, मग एकदम विचारलं, "त्यांना जेवायला बोलावलंस ना?"

तो कोटाची बटणं काढायला लागला.

"अरे देवा! त्या बाईनं स्वतःचं गाऱ्हाणं सोडून तुझं वाचलं, आणि तू नुसता गाडीतून उतरून आलास? लाव फोन."

त्यानं फोन लावला. पलीकडून आवाज येताच तो न अडखळता म्हणाला, "मी कॅझिमिर. रविवारी दुपारी या. पाव मी भाजतो, सूप इरेना सांगेल तसं करतो. आणि आम्हाला दोघांना तुमचे आभार मानायचेत, नीट, बसून."

"येते," बाई म्हणाल्या. "फार दिवसांत कुणी बोलावलं नव्हतं मला."