झाकणावरची लंगडी कोंबडी

भट्टीतून निघतं तेव्हा सोनं सोन्यासारखं दिसतच नाही. मोहरीच्या चटणीचा डाग वाळावा तसं मातकट दिसतं. आम्ही बायका अकीक दगडाच्या गुळगुळीत घोटणीनं ते घोटघोटून काढतो, तेव्हा कुठे त्याला चकाकी येते आणि राजेसाहेबांना मिरवता येतं. राजाच्या या चिनीमातीच्या कारखान्यात माझी उमर त्यातच गेली.

त्या वर्षी राजानं उत्तरेकडच्या राणीला जेवणाच्या भांड्यांचा अख्खा संच भेट द्यायचं ठरवलं. माझी धाकटी बहीण पेरीन माझ्याच शेजारी घोटायला बसायची; ती तिकडच्याच एका गाडीवानाबरोबर पळून गेली होती. अंगावरचे कपडे आणि आपली घोटणी, एवढंच घेऊन गेली. राणीच्या मुदपाकखान्यात भांडी घासते, असं एकदा कानावर आलं. त्यानंतर जिवंत आहे की मेली, काही पत्ता नाही. लिहायला आम्हा दोघींनाही येत नव्हतं.

पेट्या उघडून भांडी पुसून मांडायला संचाबरोबर कुणीतरी जाणार होतं. मी आमच्यावर देखरेख करणाऱ्या वोद्री साहेबांना गाठलं.

"साहेब, मला पाठवा. बहिणीला एकदा डोळे भरून बघते आणि परत येते."

"वेडी की काय तू? तुला कारखान्याचं गुपित ठाऊक आहे. सरहद्द ओलांडता यायची नाही, राजाचा हुकूम आहे."

"कसलं गुपित? माती कालवणारे वेगळे, भट्टी लावणारे वेगळे. मी नुसती घासते!"

"घासण्यातच गुपित आहे, नानोन."

"मग गावातल्या सगळ्या मोलकरणी कोंडा की तुरुंगात!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबांनी मला दार दाखवलं. आणि पाठवलं कुणाला? स्वतःच्या भाच्याला! झाकण कुठल्या बाजूनं ठेवायचं हेही ज्याला विचारावं लागायचं, तो ठोंब्या रेशमी मोजे चढवून तयार. बशा परदेशी जाणार, मऊ गवतात, पहाऱ्यात, मानानं. त्यांना झळाळी देणारी मात्र इथंच सडणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सूपच्या मोठ्या भांड्याच्या झाकणावर सोनेरी गुलाबकळी होती. तिच्या पानाच्या खालच्या अंगाला, भांडी घासणारीशिवाय कुणाचं बोट पोचणार नाही अशा जागी, मी सोनं मातकटच ठेवलं आणि घोटणीच्या टोकानं एक लंगडी कोंबडी काढली. मी लहानपणापासून लंगडते. पेरीन मला याच नावानं चिडवायची.

वर्ष उलटलं आणि ते झाकण परत आलं. राणीचा कारभारी खवळला होता: पानाखाली सोनं मातकटच राहिलंय, टाकाऊ माल आमच्या गळ्यात मारता काय? वोद्री साहेब लालबुंद होऊन माझ्या बाकापाशी आले आणि झाकण माझ्यासमोर धरलं. "हे बघ! पानाखाली बघ!"

मी पाहिलं. माझ्या कोंबडीशेजारी दुसरी कोंबडी होती आणि तिच्या पोटाशी एक पिल्लू. रेघ घोटणीचीच, शेवटाला जरा जास्त दाबलेली, पेरीन दाबते तशी. जिवंत आहे माझी बहीण! आणि मी मावशी झालेय!

"पहिली कोंबडी माझी," मी म्हटलं. "दुसरी तिकडे कुणीतरी काढलीय, तीही घोटणीनं. म्हणजे तुमचं गुपित केव्हाच सरहद्द ओलांडून गेलंय, साहेब. आता मला कशाला अडवता?"

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग म्हणाले, "हे मी ऐकलंच नाही. ते घोटून सपाट कर. उद्या झाकण परत पाठवायचंय."

"आणि मी?"

"तू घास!"

पेरीनचं पिल्लू माझ्याच हातानं पुसायचं? म्हणे राजाचं भांडं! राजाच्या भांड्यावर माझा हक्क नाही, कबूल. पण फुटकं भांडं राजाचंही नसतं. भट्टीमागच्या खड्ड्यात त्याची रास पडलेली असते आणि तिथं जायला कुणाची परवानगी लागत नाही.

मी घोटणी खाली ठेवली, झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत फरशीवर आपटलं.

"अगं बये! काय केलंस हे?"

"फुटलं, साहेब. खड्ड्यात टाकून येते."

तुकडे ओच्यात भरले, मी लंगडत खड्ड्यापर्यंत गेले आणि सगळे टाकून दिले. गुलाबकळीचं पान तेवढं मुठीत राहिलं.